तुलनेसाठी दुसरा नग

हंगामाच्या सणाला वेदीपुढे आलेल्या वस्तूंची यादी गेल्या वर्षी पहिल्यांदाच वाचून दाखवण्यात आली आणि नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची शांतता भंग पावली. यादीत मुदत संपलेली बिस्किटं होती, झाकण हरवलेला कुकर होता आणि दोनच पाती उरलेला एक पंखा होता, ज्याच्या एका पात्यावर देणाऱ्याचं नाव ठळक रंगवलेलं होतं. पाळकसाहेबांनी उपदेश केला की देवाला उरलंसुरलं देऊ नका, आपल्याकडचं उत्तम द्या. उपदेश सर्वांना मनापासून पटला, त्यामुळे समिती नेमावी लागली.

‘उत्तम अर्पण पडताळणी समिती’त आम्ही तिघे होतो. सायखेड्याला द्राक्षबाग असलेले शेखर उजागरे अध्यक्ष, निवृत्त तपासनीस सहादू पगारे सदस्य आणि मी चिटणीस. ‘अर्पण करत असलेल्या वस्तूपेक्षा सरस वस्तू माझ्या घरात नाही,’ असं प्रत्येकाने लिहून द्यायचं आणि यंदाच्या सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, समितीने घरी जाऊन खात्री करायची, असा नियम ठरला.

नियम कडक होता, म्हणून पळवाट खुद्द अध्यक्षांनाच शोधावी लागली. त्यांची टपोरी द्राक्षं शुक्रवारी सकाळीच परदेशी रवाना झाली, मधली मुंबईला गेली. घरात जी दोन पेट्या सुरकुतलेली द्राक्षं राहिली, ती आता निःसंशय घरातली सर्वोत्तम होती. दुपारपर्यंत ही बातमी मंडळीच्या ग्रुपवर पोचली आणि शनिवारी सकाळी आमच्या भागात टेम्पो मिळेना. चांगले मिक्सर, चांगल्या खुर्च्या, चांगल्या साड्या पंचवटीतल्या ओळखीपाळखीच्या घरी जाऊन पडल्या. तिथल्या लोकांना पाय ठेवायला जागा उरली नाही. माझ्या पत्नीची येवल्याची पैठणी आणि नवा मिक्सर मेव्हणीकडे गेला. राहिलेला खडखडणारा मिक्सर देवकृपेने आमच्या घरातला एकमेव होता आणि तोच मी अर्पण केला. सहादूभाऊंनी शिक्का मारताना माझी पाठ थोपटली.

अडचण आली ती गोजराबाईंच्या घरी. पंच्याहत्तरी ओलांडलेली ही बाई एका खोलीत एकटी राहते. दारातल्या वेलाचं पहिलं फळ ती बेचाळीस वर्षं सणाला आणते. यंदाचा दुधी हातभर लांब, कोवळा, डाग नसलेला होता. फडक्यात गुंडाळून तिने तो आमच्यापुढे ठेवला आणि एकुलती एक खुर्ची पुसून अध्यक्षांना दिली.

“दुसरा कुठाय?” शेखररावांनी विचारलं.

“दुसरा नाय भाऊ. यंदा एकच धरला.”

समितीपुढे पेच पडला. सरस ठरवायला काहीतरी निरस लागतं. नियमाप्रमाणे तुलनेसाठी दुसरा नग आवश्यक होता. आम्ही घर तपासलं, तर तिथे दुधीपेक्षा सरस काही नव्हतं, आणि त्याच्याहून कमी प्रतीचं म्हणावं असंही काही सापडेना. सहादूभाऊंनी अर्जावर ‘प्रलंबित’ लिहिलं. पुढल्या वर्षी दोन धरले तर फेरअर्ज करा, असं मी समजावून सांगितलं.

“वेल असंल पुढल्या वर्षी,” ती म्हणाली, “माझं कोणी सांगावं? उद्या आणू का नको, तेवढं सांगा.”

नको, असं सांगावं लागलं. तिने दुधीवरून एकदा हात फिरवला. मग घड्याळ पाहून म्हणाली, “एक वाजून गेला. सकाळपासून हिंडताय. देवासाठीच ठेवला व्हता, तुम्ही त्याच्याच कामावर आलात.”

आणि तिने विळी ओढली. हरभऱ्याची डाळ घालून केलेली भाजी आणि गरम बाजरीच्या भाकरी आम्ही तिघांनी पातेलं रिकामं होईपर्यंत खाल्ल्या. सहादूभाऊंनी बोटं चाटली. मी इतिवृत्तात लिहिलं: ‘दर्जा उत्तम. नमुना तपासणीदरम्यान नष्ट. सबब प्रमाणपत्र देता येत नाही.’

रविवारी चौसष्ट प्रमाणित उत्तम वस्तू वेदीपुढे मांडल्या होत्या. पाळकसाहेबांनी त्या एकवार पाहिल्या आणि लहानशीच प्रार्थना केली. गोजराबाई शेवटच्या बाकावर रिकाम्या हातांनी बसली होती. उपासना संपल्यावर तिने मला दारात गाठलं.

“भाजीत मीठ बरोबर व्हतं ना रे?” तिने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

अर्जाच्या कोऱ्या प्रती माझ्याकडे बऱ्याच उरल्या आहेत. तुम्ही आमच्या मंडळीचे नसलात तरी हरकत नाही. वरची ओळ बदलली की हा अर्ज देवळात, दर्ग्यात, म्हाताऱ्या आईवडिलांकडे, कुठेही चालतो. टेम्पोवाल्याचा नंबर पाठीमागे लिहिला आहे. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी प्रत नेली, त्यांनी आधी तीच बाजू पाहिली. तुमच्यासाठी मी ती वर करूनच ठेवली आहे.