साहेबांची दाढ

साहेबांनी टायपिस्टबाईंचा रजेचा अर्ज दोन बोटांत धरून सगळ्या ऑफिसला दिसेल असा उंच केला.

"कारण ऐका. 'मुलीला कार्टूनचा सिनेमा दाखवायचा आहे.' बाई, हे ऑफिस आहे की पाळणाघर?"

"तिच्या शाळेला आजच सुट्टी आहे, साहेब. अर्धाच दिवस मागतेय."

"नामंजूर!" साहेबांनी लाल शाईत शेरा मारला आणि उजवा गाल दाबून धरला. "मी मात्र निघतो. दाढ काढायची आहे."

पाऊण तासाने साहेब त्याच सिनेमाला मधल्या रांगेत कॉलर वर करून बसले होते. त्यांचाही इलाज नव्हता. सिनेमाचा नायक गगनवीर हे त्यांचं लहानपणीचं दैवत. त्याच्या चित्रकथांची भूगोलाच्या पुस्तकात लपवून पारायणं केलेली. तो जुना गगनवीर छाती काढून उडायचा. पडद्यावरच्या नव्याचं पोट सुटलेलं होतं, त्याला उंचीची भीती वाटत होती आणि संकट आलं की तो जिन्याने, धापा टाकत पोचत होता.

"काय मांडलंय हे!" साहेब आधी पुटपुटले. मग त्यांना हसू फुटलं. पाचव्या मजल्यावर गगनवीर दम खायला टेकला, तेव्हा साहेबांनीही खुर्चीतल्या खुर्चीत गुडघे चोळले.

मध्यंतरात दिवे लागले. शेजारी एक चिमुरडी होती. तिच्या पलीकडे तिचे आजोबा घोरत होते.

"काका, तुम्ही एकटेच आलात? माझी आई येणार होती. पण तिचे साहेब दुष्ट आहेत. ते आज दाढ काढायला गेलेत."

"अरेरे," साहेब कसेबसे म्हणाले.

"आई फोनवर आजोबांना म्हणाली, एकच कशाला, बत्तीसच्या बत्तीस काढा म्हणावं!"

साहेबांची जीभ आपोआप सगळ्या दातांवरून फिरून आली.

शेवटी गगनवीर साऱ्या शहरासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी भित्रा आहे. इतकी वर्षं खोटं बोललो." साहेबांना असा हुंदका आला की आजोबा दचकून जागे झाले. मुलीने आपला पिवळा, बदकाचं चित्र असलेला रुमाल पुढे केला.

"ठेवा तुम्हालाच. अजून बरंच रडायचं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी साहेब डाव्या गालात कापूस कोंबून ऑफिसात आले. टायपिस्टबाई खाली मान घालून टाइप करत होत्या. साहेबांना घाम फुटला. पुसायला त्यांनी रुमाल काढला आणि बदक सगळ्यांनी पाहिलं. टाइपरायटर थांबला.

साहेबांनी गगनवीराला स्मरून कापूस काढला. "बाई, काल मी..."

"बोलू नका, साहेब! टाके तुटतील."

"अहो, पण ती दाढ..."

"काल उजवी होती ना?" कॅशियरने काळजीने विचारलं. "सूज डावीकडे सरकली वाटतं."

"लबाड दुखणं असतं ते," शिपाई म्हणाला.

दिवसभर साहेबांना कुणी तोंड उघडू दिलं नाही. दुपारी त्यांचा डबा हळूच काढून घेतला गेला आणि समोर पातळ सूप आलं. कबुली पोटात आणि सूप पोटात, असे साहेब कानकोंडे होऊन बसले.

चार वाजता बाईंनी अर्ज ठेवला. उद्या अर्धा दिवस रजा. कारण : दाढ.

साहेबांनी निमूटपणे मंजुरीची सही केली आणि मान वर न करता रुमाल पुढे सरकवला.

"असू द्या," बाई हलकेच म्हणाल्या. "मुलगी म्हणते, काकांना लागेल. पुढच्या वर्षी दुसरा भाग येतोय."

साहेबांनी मान डोलावली, कापूस उचलला आणि या वेळी आठवणीने उजव्या गालात कोंबला.