स्टिकरवाल्या गाडीमागे

"याला इंग्रजीत 'वाइल्ड गूज चेस' म्हणतात," मास्तर म्हणाले. "रानहंसाच्या मागे धावायचं. हंस काही हाती लागत नाही, दमछाक तेवढी होते."

"मराठीत याला तुमचं ऐकणं म्हणतात," मागच्या सीटवरून त्यांच्या बायकोने सुनावलं.

गाडी त्यांची मुलगी चालवत होती आणि ती आता फक्त रडायची बाकी होती. अकराला तिची नोकरीची मुलाखत. कंपनीची कचेरी नुकतीच दुसरीकडे हलली होती आणि फोनमधला नकाशा अजून जुन्याच जागेवर अडून बसला होता. कुणाला तरी विचारावं, तर मास्तरांना त्यात कमीपणा वाटे. जन्मभर पोरांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवलेल्या माणसाने रस्त्यावरच्या कुणालाही वाट विचारायची म्हणजे काय!

तेवढ्यात पुढे एक पांढरी गाडी दिसली. मागच्या काचेवर त्याच कंपनीचं स्टिकर.

"घे तिच्या मागे!" मास्तर ओरडले. "आता डोळे मिटून चल."

"डोळे उघडे ठेव गं बाई," आई म्हणाली.

पांढरी गाडी डावीकडे वळली, हीही वळली. तिने चौकाला दोन फेऱ्या मारल्या, यांनीही मारल्या. मास्तरांना त्यातसुद्धा शिस्त दिसली. शेवटी ती एका फाटकातून आत शिरून थांबली. समोर कुंड्याच कुंड्या. ती रोपवाटिका होती.

"'लेड अप द गार्डन पाथ'," मास्तर पुटपुटले. "म्हणजे एखाद्याला भुलवून बागेच्या वाटेने..."

"बाबा, आता एक शब्दही नको."

पांढऱ्या गाडीतून टाय लावलेले एक गृहस्थ घाम पुसत उतरले. "चुकलोच म्हणायचं," ते म्हणाले. "पण तुम्ही इतक्या भरवशाने मागे येत होतात, मला वाटलं रस्ता बरोबरच असणार. गाडी कंपनीने कालच दिली, कामाचा आज पहिला दिवस माझा, त्यात आल्या आल्या मुलाखत घ्यायचीय. ती बिचारी मुलगी तिकडे ताटकळली असेल!"

"नाही सर. ती इथेच आहे," मुलगी म्हणाली. इतका वेळ छातीत अडकलेला श्वास तिने सोडला. साहेबांनी त्याहून मोठा सोडला.

"मग प्रश्नच मिटला. तुम्ही पुढे व्हा, मी येतो मागून."

आईने मास्तरांना मागे बसवलं, स्वतः पुढे बसली, काच खाली केली आणि पाणी घालणाऱ्या माळ्याला हाक मारली. त्याने हातातल्या झारीनेच वाट दाखवली. कचेरी पलीकडच्या गल्लीत होती.

"काय हो," तिने मागे वळून विचारलं, "याला इंग्रजीत काय म्हणतात?"

कचेरीचं फाटक आलं, तरी मास्तर आठवतच होते.