सूनबाईंच्या जिवाणूंची रांगोळी

"यंदा वर्धापनदिनाला आपल्याकडे जिवंत रांगोळी असेल!" रमाकांत सुखटणकरांनी मोरेश्वर बिल्डिंगच्या सभेत उभं राहून जाहीर केलं, आणि पाणी न पिताच खाली बसले.

सभेत दोन मिनिटं शांतता पसरली. गिरगावातल्या या चाळीच्या सभेत अशी शांतता याआधी फक्त वर्गणीचा विषय निघाल्यावर पसरायची.

"जिवंत म्हणजे?" कार्यक्रमाची सूत्रं सांभाळणाऱ्या धनेशने विचारलं.

"म्हणजे जिवाणूंची. रांगोळी आपण काढायची नाही. जिवाणू आपापसांत बोलतात, ठरवतात आणि स्वतःच काढतात! आमची सूनबाई करते ते. परळला, मोठ्या संस्थेत."

सून म्हणजे अपेक्षा. मुलगा अवधूत नोकरीसाठी बेंगळुरूला, आणि सून इथे सासू-सासऱ्यांपाशी राहून संशोधन करणारी. शेजारीपाजारी विचारायचे, "सून काय करते?" रमाकांत सांगायचे, "जंतूंवर काम." त्यावर लोक "अरेरे" अशा चेहऱ्याने बघायचे, जणू ती फिनेल विकते. हे त्यांना फार लागायचं. म्हणून त्यांनी एका रविवारी तिला समोर बसवून सगळं समजून घेतलं होतं.

"बाबा, बशीच्या मधोमध एका जातीचे बॅक्टेरिया ठेवायचे. ते एक रसायन सोडतात. आजूबाजूला दुसऱ्या जातीचे. त्यांना आम्ही असं बदललंय की रसायन फार मिळालं तरी ते गप्प, अजिबात नाही मिळालं तरी गप्प. बेताचं मिळालं की हिरवे चमकतात."

रमाकांतनी ते आपल्या भाषेत लावून पाहिलं.

"म्हणजे खालच्या सीमाबाई बोंबील तळतात तसं. अगदी लगतचा शेजारी वासाने हैराण, तो दार लावून घेतो. लांबच्याला पत्ताच नाही. मधले तेवढे नाक वर करून गॅलरीत येतात."

अपेक्षाने चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, हे मी पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये घेऊ?"

त्या दिवसापासून रमाकांतना संशोधनात आपलाही वाटा असल्यासारखं वाटू लागलं होतं. सभेतली घोषणा त्यातूनच आली.

घरी येऊन त्यांनी ती सुनेला सांगितली, तेव्हा मात्र ती ताडकन उठली.

"ती प्लेट लॅबच्या बाहेर काढता येत नाही! नियम आहे. माझी नोकरी जाईल बाबा!"

"अगं, रिक्षाने नाही, टॅक्सीने आणू."

"विमानाने आणली तरी नाही!"

शेवटी तिने एक मोठा फोटो छापून, फ्रेम करून आणला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवं वर्तुळ, कडा जराशा धूसर. सुंदर होता. पण रमाकांतनी चाळीला जिवंत रांगोळीचं वचन दिलं होतं, आणि फोटो काही जिवंत नव्हता.

वर्धापनदिनाच्या आदल्या दुपारी अपेक्षा कामावर गेल्यावर ते स्वयंपाकघरात बायकोपाशी गेले.

"नलू, ती बशीतली जेली कशाची असते म्हणालीस?"

"अपेक्षा म्हणत होती, आपल्या चायना ग्रासचीच भावंडं. का हो?"

"मॉडेल करतोय. नुसतं मॉडेल."

नलूताईंनी लग्नातल्या डिनर सेटची मोठी काचेची बशी काढून दिली. दूध आटवलं, चायना ग्रास विरघळवला, साखर घातली, सवयीने वेलचीही घातली. ("जिवाणूत वेलची कशाला?" "दुधाला वास येतो हो नाहीतर!") जमल्यावर रमाकांतनी दोन वाट्यांच्या कडांनी मधला गोल पट्टा कापून काढला आणि तिथे खाण्याचा हिरवा रंग घातलेलं मिश्रण ओतलं. वर्तुळ असं झकास जमलं की त्यांनी ते तीन बाजूंनी पाहिलं.

मग एक पुठ्ठा घेऊन त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं : 'जिवंत जिवाणूंची रांगोळी. हात लावू नये.' खाली 'प्रतिकृती' असंही लिहायचं होतं. जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पटांगणात मांडव सजला. अपेक्षा यायची होती; शनिवार असूनही लॅबमध्ये होती. रमाकांतनी फोटो भिंतीला टेकवून उभा केला आणि बशी पुठ्ठ्यासकट पुढ्यातल्या प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवली. बघे आले. फोटोकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. बशीपुढे मात्र रांग!

"हलतायत का हो?" सीमाबाईंनी विचारलं.

हीच वेळ होती 'अहो, हे मॉडेल आहे' म्हणण्याची. रमाकांतनी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "सावकाश हलतात."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग धनेशला गाण्याच्या कार्यक्रमासाठी एक टेबल कमी पडलं. त्याने प्रदर्शनाचं टेबल उचललं आणि त्यावरच्या वस्तू शेजारच्या टेबलावर सरकवल्या. शेजारचं टेबल पाककला स्पर्धेचं होतं.

स्पर्धेचे परीक्षक होते पहिल्या मजल्यावरचे चिंतामणी अण्णा. वय ब्याऐंशी, दृष्टी अधू, जीभ शाबूत. रमाकांत मांडवाच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या मोजून घेत असताना माइक खरखरला.

"पाककलेचा निकाल," अण्णांचा आवाज आला. "अळूवड्या बऱ्या. शिरा चिकट. प्रथम क्रमांक या हिरव्या वर्तुळाच्या खरवसाला. नाव लिहिलेलं नाही, पण ज्या कोणा माऊलीने केलाय, तिने पुढे यावं!"

माऊलीच्या हातातली खुर्ची गळून पडली.

"अण्णा!" सीमाबाई किंचाळल्या. "अहो, तो खरवस नाही! ते सुखटणकरांच्या सुनेचे जंतू आहेत!"

"पण हात लावू नये असं लिहिलं होतं ना?" धनेश धावत आला.

"मी कुठे हात लावला?" अण्णा म्हणाले. "चमच्याने घेतलं."

मग जे झालं त्याला धावपळ म्हणणं म्हणजे चौपाटीला डबकं म्हणण्यासारखं आहे. कोणी अण्णांना मिठाचं पाणी पाजा म्हणालं, कोणी अजिबात पाजू नका म्हणालं, म्हणून अर्धा पेला पाजलं. अॅम्ब्युलन्सला फोन गेला. धनेशने मोबाइलवर अपेक्षाच्या संस्थेचा नंबर शोधला आणि तिथेही कळवून टाकलं : तुमचे जंतू आमच्या अण्णांनी खाल्ले आहेत.

नेमक्या त्याच वेळी अपेक्षा फाटकातून आत आली. तिने टेबल पाहिलं, बशी पाहिली, पुठ्ठा वाचला. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"मॅडम, नाही... नाही मॅडम, मी काहीही बाहेर आणलेलं नाही... मला खरंच माहीत नाही मॅडम..."

ती एरवी भराभर बोलायची. आता एकेक शब्द चाचपडत होती, आणि चेहरा पांढराफटक पडला होता. ते पाहून रमाकांत चालत गेले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, ऐका. ते जंतू नाहीत. तो चायना ग्रास आहे. काल दुपारी मी घरी केला. सुनेला काही माहीत नाही. दूध, साखर, वेलची आणि खायचा रंग. मी खोटं बोललो."

मग मागून कोणीतरी हुंदका दिल्यासारखं म्हणालं, "बघा! सुनेची नोकरी वाचवायला माणूस सगळं स्वतःवर घेतोय!"

"अहो, खरंच चायना ग्रास आहे!" नलूताई ओरडल्या. "वेलची मी कुटली!"

"नवऱ्याच्या मागे उभी राहिली," सीमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बाई असावी तर अशी."

आता एकच उपाय होता. रमाकांतनी बशी उचलली आणि सगळ्यांच्या देखत उरलेलं वर्तुळ, आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांसकट, खाऊन टाकलं. लोक ओरडले. दोघांनी त्यांचे हात धरले. अॅम्ब्युलन्स आली ती एकाला न्यायला, गेली दोघांना घेऊन.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने दोघांची पोटं दाबून पाहिली. सगळी हकिगत ऐकली. काही क्षण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मग वळून गंभीरपणे म्हणाला, "घरी जा."

घरी अपेक्षा एक शब्दही बोलली नाही. रविवारभर नाही. सोमवारी ती रमाकांतना घेऊन परळला गेली. तिच्या मॅडमनी त्यांना समोर बसवून विचारलं, "बशीत नेमकं काय होतं?"

"दूध अर्धा लिटर."

"आणि?"

"चायना ग्रास. साखर. वेलची पाच." ते थांबले. "मॅडम, मुलगी नियमाची पक्की आहे. मूर्ख मी आहे. फोटो पुरेसा होता. मला तो पुरेसा वाटला नाही, एवढंच."

मॅडमनी मान डोलावली आणि विषय मिटला. परतताना टॅक्सीत अपेक्षा खिडकीबाहेर बघत होती. लालबागच्या पुलावर ती पहिल्यांदा बोलली.

"आधी विचारायचं होतं बाबा."

"हो."

"साखर जास्त होती का?"

"थोडी."

एवढ्यावर ते प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण मंगळवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर चिंतामणी अण्णा, चेहऱ्यावर तेज, हातात स्टीलची वाटी. त्यांच्यामागे जिन्यापर्यंत आणखी लोक, सगळ्यांच्या हातात वाट्या.

"रमाकांत," अण्णा हळूच म्हणाले, "लाजायचं काय त्यात, स्पष्टच सांगतो. वर्षानुवर्षं मी इसबगोल घेतोय. काडीचा फरक नाही. पण रविवारी सकाळी! अरे, काय सांगू तुला! तुझ्या सुनेचे जंतू फार गुणी आहेत रे. उरलेत का थोडे?"

"अण्णा, तो चायना ग्रास होता हो! त्याने होतं पोट साफ!"

"कळतं रे आम्हाला," अण्णांनी डोळा मिचकावला. "संस्थेला कळायला नको. आम्ही नाही सांगत कुणाला."

मागच्या सगळ्यांनी माना हलवल्या. सीमाबाईंच्या हातात तर वाटी नव्हती, डबा होता.

रमाकांतनी असहाय होऊन मागे वळून पाहिलं. अपेक्षा पर्स खांद्याला लावून निघायच्या तयारीत उभी होती. तिने रांग पाहिली, वाट्या पाहिल्या. मग पर्स खाली ठेवली, आतून तो फ्रेम केलेला फोटो आणला आणि खुर्चीवर उभा केला.

"या सगळे आत," ती म्हणाली. "हे कसं होतं ते मी समजावून सांगणार. पूर्ण ऐकायचं. ऐकेल त्याला संध्याकाळी एक चमचा चायना ग्रास. जंतू नाही, चायना ग्रास! जंतू म्हणेल त्याला नाही."

लोक गुपचूप जमिनीवर बसले. तिने रसायनाचं सांगितलं, जवळच्यांचं, लांबच्यांचं, मधल्यांचं. अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"आणि मध्ये एकाऐवजी दोन ठिपके ठेवले, तर?"

अपेक्षा बोलता बोलता थांबली. आजवर चाळीत तिला कोणी 'काय करतेस?'च्या पुढचा दुसरा प्रश्न विचारला नव्हता. "तर दोन वर्तुळं एकमेकांत शिरतात अण्णा, आणि वेगळाच आकार होतो. थांबा, काढून दाखवते." ती कागद शोधायला धावली, ऑफिसची वेळ विसरून.

नलूताईंनी रमाकांतच्या हातात पिशवी दिली आणि दाराकडे बोट दाखवलं.

कोपऱ्यावरच्या वाण्याने चायना ग्रासची पाकिटं एकावर एक रचत विचारलं, "काका, एवढी? घरी कार्य आहे काय?"

रमाकांतनी मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नाही हो," ते म्हणाले. "संशोधन."