भेटीचा रुग्ण

आजारी माणसाला विश्रांतीची गरज असते, यावर वैद्यकशास्त्र आणि भेटायला येणारे नातेवाईक यांचे संपूर्ण एकमत आहे. फरक इतकाच की नातेवाईक हे सांगायला स्वतः येतात आणि सोबत जीप भरून माणसे आणतात.

लातुरातल्या एका दवाखान्यात (नाव सांगत नाही, लगेच भेटायला निघाल) जळकोटकडच्या सिंधुबाई हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झाल्या. डॉक्टरांनी बजावले, खाटेवरून उठायचे नाही. हृदयावर पुन्हा ताण आला तर पुढचे सांगता येणार नाही. सिंधुबाईंनी मान डोलावली. तेवढ्यात सासरची जीप आली.

सिंधुबाईंच्या सासरी थोरल्यांसमोर सून आडवी राहत नाही आणि तोंड दाखवत नाही. त्या उठल्या, पदर हनुवटीपर्यंत ओढला, खाली उतरल्या आणि सलाइनच्या नळीने परवानगी दिली तेवढे वाकून एकेकाच्या पाया पडल्या. प्रत्येकाने ‘शंभर वर्षं जग’ असा आशीर्वाद दिला. प्रत्येक आशीर्वादाला शेजारच्या यंत्रावर नाडीचा आकडा चढत होता. दोहोंचा संबंध इतका सरळ होता की आलेख पट्टीने काढता आला असता.

वॉर्डाच्या सिस्टर मुबश्शिरा यांनी आधी नियमाने प्रयत्न केला. दारावर भेटीच्या वेळेची पाटी होतीच. पण ज्यांना वाचता येत होते त्यांना ती परक्यांसाठी आहे हेही कळत होते, आणि ज्यांना वाचता येत नव्हते ते वाचणाऱ्यांच्या मागोमाग आत येत होते.

“बाई, झोपून राहा ना. जिवावर बेतेल,” सिस्टर म्हणाल्या.

“झोपू कशी? मामंजी उभे हायेत की.”

“मी त्यांना बसवते.”

“बसवा. मग च्या-पान्याचं कोन बघंल?”

तेव्हा सिस्टरांनी उपदेश थांबवून निरीक्षण सुरू केले. आलेल्यांपैकी साठ टक्के सलाइनच्या बाटलीकडे पाहत, तीस टक्के शेजारच्या खाटेकडे (तिथला आजार अधिक रंजक होता) आणि उरलेले मोबाइल चार्ज करायला जागा शोधत. रुग्णाकडे पाहणाऱ्यांचे प्रमाण मोजण्याइतके भरले नाही. निष्कर्ष असा की भेटीसाठी खाट, सलाइन आणि पदर एवढे साहित्य पुरते. रुग्ण त्यात निष्कारण अडकतो.

सिंधुबाईंना आतल्या ड्रेसिंगच्या खोलीत हलवण्यात आले. खाटेवर साडी नेसवून त्यांचे यजमान व्यंकटराव यांची नेमणूक झाली. ते मोकळेच होते. (रुग्णाच्या नवऱ्याचे काम फाटकाशी उभे राहण्याचे असते, आणि फाटक त्यांच्याशिवायही उभे राहते.) सलाइनची नळी मनगटावर नुसती चिकटपट्टीने लावली.

थोरले काका शिवप्रसाद आले. व्यंकटराव खाटेवरून उतरून पाया पडले.

“अखंड सौभाग्यवती हो,” काका म्हणाले. “सून लई खंगली की.” (व्यंकटरावांचे वजन नव्वद किलो आहे.)

“अन् व्यंकट कुठं हाय?” काकांसोबत आलेल्या पारूआत्यांनी विचारले.

“असंल टपरीवर. पयल्यापासून तसलाच त्यो.”

“ह्याला पोरगी देनाऱ्याची मला तवाच कीव आलती.”

पदराखालून हुंदका आला.

“रडू नको, माय. सापडू दे, त्याला नीट करतो.”

आत सिंधुबाई आवाज ऐकून उठू लागल्या होत्या. सिस्टरांनी त्यांना शास्त्रीय वस्तुस्थिती समजावली. “तुम्ही इथे नाहीतच. तुम्ही बाहेर खाटेवर आहात. तुमचं पाया पडूनसुद्धा झालंय.” हे पटल्यावर सिंधुबाई झोपल्या. लग्नानंतर प्रथमच, पाहुणे आलेले असताना.

उपचार लागू पडला. घरी जायच्या दिवशी सिंधुबाई सरळ चालत, उघड्या तोंडाने वॉर्डातून निघाल्या. वाटेत त्यांच्याच खाटेभोवती सासरची गर्दी होती. काकांनी मागे वळून पाहिले.

“बाई, जरा सरका की. आमची सून लई शिरेस हाय.”

सिंधुबाई सरकल्या आणि पुढे निघून गेल्या.

व्यंकटराव मात्र अजून तिथेच आहेत. अनुभव लक्षात घेऊन दवाखान्याने हे पद कायम केले. आता सर्वच रुग्णांच्या भेटी ते घेतात (पुरुष रुग्णासाठी तोंडावर टॉवेल). तक्रार एकही नाही.

परवा तुम्हीही तुमच्या मावशीला भेटून गेलात. केळी ठेवलीत, ‘चेहरा अगदी उतरलाय’ म्हणालात आणि निघताना ‘काही लागलं तर हक्कानं सांगा’ असेही म्हणालात. जे लागत होते ते मावशींना आतल्या खोलीत तुमच्याविना मिळत होते. केळी पोचली. पुढच्या वेळी चिकू आणावेत. व्यंकटरावांना केळ्यांचा कंटाळा आला आहे.