बसायची सोय

दुकानात खुर्च्याच खुर्च्या होत्या, पण त्यांतल्या एकीवरही बसायची विक्रेत्याला परवानगी नव्हती. सकाळी शटर वर गेल्यापासून ते खाली येईपर्यंत तो उभा. "नोकर बसलेला दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं, खुर्ची वापरलेली आहे," असं मालकाचं तत्त्वज्ञान होतं. विक्रेत्याच्या टाचांना ते मुळीच पटत नव्हतं. त्याला बढती नको होती, पगारवाढ नको होती. काउंटरमागे एक साधं स्टूल मिळालं असतं तरी त्याने मालकाचे पाय धरले असते. पण मागायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. दुकानात त्याचं बसणारं असं तेवढंच.

घरी तो गरम पाण्यात पाय सोडून कण्हत असताना सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. हा मान त्या सहसा कोणाला देत नसत.

"जावईबापू, तुम्हाला मागताच येत नाही. हिच्याकडून शिका." त्यांनी मालिकेतल्या थोरल्या सुनेकडे बोट दाखवलं. "घर, दागिने, कपाटाच्या किल्ल्या, सगळं हिच्या हातात. कधी मागितलं का? उलट म्हणते, मला काही नको. की लगेच आणून देतात."

"आणि नाहीच दिलं तर?"

"तर बॅग उचलायची आणि दाराकडे चालायचं. हळू हं! मधे सगळ्यांचे चेहरे दाखवायचे असतात. कोणीतरी 'थांब!' म्हणतंच."

दुसऱ्या दिवशी विक्रेता केबिनमध्ये गेला, खांदे पाडले आणि म्हणाला, "साहेब, मला काही नको."

मालकाने चष्मा काढला. "काहीच नको?"

"काही नको. मी उभा आहे, सुखी आहे."

मालकाचा ऊर भरून आला. असं बोलणारा नोकर त्याला उभ्या जन्मात भेटला नव्हता. त्याने विक्रेत्याच्या पाठीवर थाप मारली, त्याची चहाची सुट्टी बंद केली आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा कॅशियरला देऊन टाकला. वर "शिका जरा यांच्याकडून" असं सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

आता बॅगच उरली होती. विक्रेत्याने ती उचलली आणि तो दाराकडे निघाला. इतका हळू, की मागून येणारं एक गिऱ्हाईक त्याला ओलांडून पुढे गेलं, दाराजवळचा सोफा बघून, नापसंत करून निघूनही गेलं. 'थांब!' काही कोणी म्हणेना. बाहेर पाऊल पडलं तर उद्या खायचं काय, या विचाराने तो उंबऱ्याशीच घुटमळला. तेवढ्यात कोणीतरी बाहेरून दार ढकललं.

समोर सासूबाई! आपली शिकवणी कशी लागू पडतेय ते बघायला आल्या होत्या. जावयाचा चेहरा बघून त्या काय ते समजल्या आणि दम घ्यायला सरळ दुकानातल्या सगळ्यात महागड्या सोफ्यावर बसल्या. मालक धावत आला, पण तोवर त्यांनी शेजारी सोफा बघत असलेल्या एका बाईंना थोरल्या सुनेची कहाणी पहिल्यापासून सांगायला घेतली होती. ऐकायला आणखी दोघी बसल्या. मग त्यांचे नवरे बसले. एकदा बूड टेकलं की कोण उठतंय? कहाणी किल्ल्यांपर्यंत आली तेव्हा दोन सोफे विकले गेले होते.

"आजी, रोज येऊन बसाल का? पगार देतो," मालक म्हणाला.

"मला काही नको." सासूबाईंनी पर्स उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या. हळूहळू.

"थांबा!" मालक ओरडला. "काय पाहिजे ते सांगा!"

विक्रेता थक्क होऊन बघत राहिला. सासूबाई वळल्या आणि त्यांनी विक्रेत्याकडे बोट दाखवलं. "माझं राहू द्या. आमच्या जावईबापूंना बसायला जागा द्या."

"दिली!" मालक म्हणाला. विक्रेत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाईंबद्दल आजवर मनात आणलेलं सगळं त्याने तिथल्या तिथे मागे घेतलं.

तेव्हापासून सासूबाई सोफ्यावर असतात आणि विक्रेत्यालाही जागा मिळाली आहे. दुकानाच्या टेंपोत, ड्रायव्हरच्या शेजारी. गिऱ्हाइकाचं घर येईपर्यंत तो अगदी ऐसपैस बसतो. मग उतरतो, विकलेला सोफा पाठीवर घेतो आणि जिना चढू लागतो. सासूबाईंच्या कृपेने सोफे हल्ली फार खपतात.