संध्या तांडेल वायर उपटते

स्वतःच्या बापाशी फोनवर बोलता बोलता मुद्दाम वायर उपटणारी लेक मी एकच पाहिली. संध्या तांडेल. राहणार खारदांडा, नोकरी मरोळला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. जिभेला धार अशी, की चहा गार झाला असेल तर कॅन्टीनवाला तिच्या टेबलाला वळसा घालून जातो.

आमच्या कंपनीत अँब्युलन्स मागवणाऱ्यांचे फोन येतात, तेही इंटरनेटवरून. इंटरनेटच्या दाराशी रखवालदार म्हणून फायरवॉल नावाचे दोन डबे. एक काम करतो, दुसरा तयार बसतो. पहिला आडवा झाला की दुसऱ्याने उभं राहायचं, आणि चालू फोन तुटता कामा नये. त्यासाठी कोण कोणाशी बोलतंय याची खबर पहिल्याने दुसऱ्याला सतत द्यायची असते. दसऱ्याच्या तोंडावर नवी जोडी आली. सोमवारपासून खरे फोन तिच्यावरून जायचे होते, पण संध्याची सही झाली तरच.

सहीआधी टेस्ट. नव्या डब्यांवरून घरी बाबांना फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि बजावायचं, "बाबा, ऑफिसचं काम आहे, थांबायचं नाय!" की तांडेलकाका सुरू. डोल जाळी कशी लावतात, वारा फिरला की बोंबील कुठे जातो, जेट्टीवरचा कोण चोर. आमचं मासेमारीचं निम्मं शिक्षण असंच झालं. काका रंगात आले की संध्या पहिल्या डब्याची वायर उपटायची.

आणि काका गप्प. प्रत्येक वेळी. दुसरा डबा टुणकन उठायचा, पण चालू फोनचा त्याला पत्ताच नसायचा.

"दोन सेकंदांचा तर प्रश्न आहे," आमचे मॅनेजर दीक्षित सर म्हणाले. "माणूस परत फोन लावेल. पास लिही."

"परत लावेल? कोणाची आई जमिनीवर पडलीय, हात थरथरतायत, पत्ता अर्धा सांगून झालाय, आणि परत लावेल? मी नाय लिहिणार."

"मग मी दुसऱ्याकडून लिहून घेईन."

"घ्या ना! अँब्युलन्सवाल्या क्लायंटला मी सांगते, का लिहिलं ते."

सेटिंग सारखं, सॉफ्टवेअर सारखं, दिवे हिरवे. डबे विकणारा म्हणाला, सगळं बरोबर आहे. 'मग फोन का तुटतो?' असं तिने विचारल्यावर तो जेवायला गेला. शेवटी शुक्रवारी तिने मला टॉर्च धरायला लावला आणि डब्यांच्या मागे शिरून एकेक वायर चाचपली. एकीच्या टोकाला कुंकू लागलं होतं.

दसऱ्याला सरांनी यंत्रांची मनोभावे पूजा केली होती. झेंडूच्या हाराला आडवी येते म्हणून एक वायर काढली, हार घातला, वायर परत खोचली. शेजारच्या भोकात. तिथेही दिवा हिरवाच लागला. खबर द्यायची वायर नेमकी तीच, आणि इतके दिवस खबर भलत्याच घरी जात होती.

"सर, देवाकडे मागितलंत तरी काय?" संध्याने विचारलं.

वायर जागेवर लावून बाबांना फोन केला. काका वादळातून होडी परत आणत होते. संध्याने वायर उपटली. पहिला डबा मेला, दुसरा उठला, आणि काका एक अक्षर न गाळता होडी बंदराला घेऊन आले. आम्ही टाळ्या पिटल्या. संध्याने सरांच्या नाकासमोर सही ठोकली.

सगळे पांगले. टॉर्च ठेवायला मी परत आलो, तर ती स्पीकर बंद करून रिसीव्हर कानाशी धरून बसली होती.

"जमलं बाबा. पण एकदा जमून चालत नाय, रोज बघावं लागतं. उद्या सकाळी परत लावते. हो, तुम्हीच लागणार."

तिने फोन ठेवला. "अगं, सही झाली ना? आता कसली टेस्ट?" मी विचारलं.

"काय करशील? सांगशील सरांना? जा, सांग." मग आवाज खाली आला. "आई गेल्यापासून तोंड उघडत नाहीत रे. जेवायला वाढलं तरी नुसती मान हलवतात. ऑफिसचं काम म्हटलं की बोलतात."

तिच्यासमोर डोळे पुसायची सोय नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "उद्या शनिवार आहे. सुट्टी."

"माहितीये. मी येणारे," ती म्हणाली. "घरी समोर बसले तर बोलत नाहीत ना."