नॉर्बर्टच्या मोटरसायकलची फेरविक्री

विस्कॉन्सिनमधल्या शीबॉयगन गावच्या नॉर्बर्ट हॅफेमान यांनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मोटरसायकल खरेदी केली. बायको डोरीनला मागे बसवून तळ्याकाठच्या रस्त्याने भटकावे, हा खरेदीमागचा जाहीर हेतू होता. पण किल्ली देताना दुकानदार सहज म्हणाला, "मीटरवर मैल जितके कमी, तितका विकताना भाव जास्त." हे वाक्य नॉर्बर्टच्या डोक्यात जुन्या भाडेकरूसारखे ठाण मांडून बसले.

भाव टिकवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे गाडी न चालवणे. तो तातडीने अमलात आला.

थंडीने चकाकी जाऊ नये म्हणून गॅरेजात हीटर आला. हीटरला जागा हवी म्हणून मोटार बाहेर बर्फात गेली. रोज सकाळी डोरीन फावड्याने मोटार उकरून काढी. मोटरसायकल आत उबेला असे. शिवाय वरून बसवलेले चकचकीत सामान आणि दरवर्षी विमा.

"न चालणाऱ्या गाडीला अपघात कसा होणार?" डोरीनने विचारले.

"वरून छप्पर पडलं तर?"

हा मुद्दा निघाल्यावर छप्परही बदलावे लागले.

उन्हाळ्यात मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरे. नॉर्बर्ट गाडी ट्रेलरवरून नेई, अलीकडच्या वळणावर उतरवी आणि कातडी जाकीट घालून ढकलत आत शिरे.

"निदान गॅरेजात तरी मागे बसू दे की रे," डोरीन एकदा म्हणाली.

"बस ना. फक्त पट्ट्याचं बक्कल काढून ठेव. ओरखडे पडतात."

ती बसली नाही.

नवव्या वर्षी भाव पुरेसा पिकला असे मानून दोघे ट्रेलर घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदाराने मीटर पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, बिघाड काय आहे हिच्यात?"

"काही नाही! चालवलीच नाही कधी."

"तेच विचारतोय. का नाही चालवली?"

"भाव जाऊ नये म्हणून."

दुकानदाराने आतून दोन मेकॅनिक बोलावले. त्यांनी आधी नॉर्बर्टला नीट पाहून घेतले, मग गाडीला. टायर उभ्या उभ्या तडकले होते. रबराचा भाग वाळून कडक झाला होता.

"आणि हे वरून बसवलेलं चकचकीत सामान?" नॉर्बर्टने क्षीण आवाजात विचारले.

"ती तुमची हौस, साहेब. हौस सेकंडहॅण्डमध्ये जात नाही."

मग दुकानदाराने आकडा सांगितला. तेवढ्या पैशात गॅरेजचे अर्धे छप्परही झाले नसते. नॉर्बर्ट मटकन खाली बसला. डोळे पुसायला त्याने गाडी पुसायचे मऊ फडके काढले.

"टायर बदला, रबरही सगळं नवं घाला," डोरीन मेकॅनिकला म्हणाली, "आणि किल्ली इकडे द्या."

"तुला कुठं येते चालवायला?"

"गेल्या उन्हाळ्यात लायसन्स काढलंय. तुला वाटलं, मी चर्चच्या शिवणवर्गाला जाते. चल, बस मागे."

तळ्याकाठच्या रस्त्यावर आधी तो ओरडत होता, "अगं हळू, मीटर फिरतोय!" मग ओरडणे थांबले. पाण्यावरचा गार वारा तोंडावर आला आणि नॉर्बर्ट हॅफेमान चक्क हसू लागला. पुढच्या हॉटेलात तळलेला मासा खाताना त्याने डोरीनला हळूच विचारले, "परत जाताना लांबच्या रस्त्यानं जायचं?"

वाचकांना हसू येणे साहजिक आहे. फक्त हसण्याआधी त्यांनी घरातला टीव्हीचा रिमोट हातात घ्यावा. त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवी ज्यांनी काढली असेल, त्यांनीच पुढे हसावे.